गादीखालची इमारत

माझ्या मावशीकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळी पाठ चोळतच उठायचा. गादी चांगली, चादर धुतलेली, उशीच्या अभ्र्याला कडक इस्त्री, आणि तरी काहीतरी टोचायचंच. काकांचे एक मावसभाऊ एकदा जांभई देत म्हणाले, "वहिनी, रात्रभर कुणीतरी चिमटे काढत होतं हो मला." मावशीने अगदी डॉक्टरच्या चेहऱ्याने विचारलं, "कुठल्या अंगाला? डाव्या?" ते म्हणाले, "हो, डाव्याच." "मग बरोबर आहे," असं म्हणून ती चहा आणायला आत गेली आणि ओट्याला धरून हसत सुटली. डाव्या अंगाला जिना होता.

जिना म्हणजे एका जाड जॅकेटची पितळी चेन. त्या गादीखाली मावशीची अख्खी इमारत आडवी पडलेली असायची. वर्तमानपत्राचा एक कागद, त्यावर जागच्या जागी टाचलेले तुकडे, त्यावर पुन्हा कागद, पुन्हा तुकडे. थरावर थर. त्यावर गादी. गादीवर पाहुणा.

ही पद्धत काही तिने हौसेने काढली नव्हती. घरात टेबल एकच, आणि त्या टेबलावर मावशीचा नंबर सगळ्यांत शेवटचा. सकाळी काकांचा पेपर, मग डबे, दुपारी ताईचा म्हणजे तिच्या मुलीचा अभ्यास, संध्याकाळी जेवण. मधल्या फटीत मावशी पसारा मांडायची. मांडून होतो न होतो तोच हाका सुरू. काका कारखान्यात स्टोअरकीपर. त्यांचं प्रत्येक वाक्य शिक्का मारल्यासारखं संपायचं: "टेबल. मोकळं. व्हायला हवं." ताईची हाक दारावरच्या बेलसारखी दोन सुरांत: "आऽ-ई, टेऽ-बल!" आणि आम्ही खालच्याच मजल्यावर राहत असल्याने माझी आई जिना चढून वर आली की धापा टाकत म्हणायची, "अगं बाई, तुझा बाजार अजून उठला नाही?"

तिघांनाही मावशीचं उत्तर एकच. "उचलते, उचलते. चिंध्याच तर आहेत."

तो शब्द तिचाच. तिच्याआधी कुणी वापरलेला मला तरी आठवत नाही. तिने म्हटलं म्हणून काका म्हणायला लागले, काका म्हणाले म्हणून ताई, आणि मग घरात तेच नाव पडलं. "आई कुठाय?" "चिंध्यांत."

मावशी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत मागच्या खोलीत बसते. धुवायला आलेल्या कपड्यांत जे उसवलेलं, फाटलेलं, पोटाला न पुरणारं असेल, ते तिच्याकडे येतं. एक भारदस्त आवाजाचे गृहस्थ सारखे पँट घेऊन यायचे. "बाई, तुमच्या लाँड्रीत कपडे आटतात हो!" मावशी कंबर उसवायची, आतलं कापड सोडायची आणि मान न वर करता म्हणायची, "पाणीच तसं आहे ना इकडचं." ते समाधानाने पोटावर हात फिरवत जायचे. अशी दिवसभर लोकांची कंबर, लोकांची बाही, लोकांचं काज. काढून टाकलेला खिसा, निकामी चेन, जुनं अस्तर मात्र तिचं. ते ती पिशवीत घालून घरी आणायची.

आणि मग खेळ. खेळच म्हणते मी, कारण त्याला नियम होता. तुकडा कापायचा नाही. जसा सुटून हातात आला, तसाच कुठे बसतो ते शोधायचं. "कापून काय, कुणीही बसवेल," ती म्हणायची. एखादा कफ तोंडासमोर धरून ती त्याच्याशी गप्पा मारायची. "तू कोण रे? कौल आहेस? नाही? मग बोट आहेस का? उलटा हो बघू." कफ उलटा व्हायचा. "अच्छा, तू पाळणा आहेस होय. मग आधी नाही का सांगायचं!" मी हसून हसून टेबलाखाली जायची.

असं करत करत तिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसणारी समोरच्या इमारतीची मागची बाजू जमवायला घेतली होती. पुढची बाजू नाही. "पुढून सगळे भांग पाडून उभे असतात," ती म्हणायची. मागे गॅलऱ्या, पाइप, वाळत घातलेले कपडे, पाण्याची टाकी. गॅलऱ्या काकांच्या जुन्या युनिफॉर्मच्या खिशांच्या. त्यांतल्या एकावर पेन गळून पडलेला शाईचा डाग होता, तर मावशीने तिथे दोरी ताणली आणि त्या डागाची झाली कुणाचीतरी वाळत घातलेली निळी चादर. खिडक्यांना काकांच्या मोडलेल्या मनगटाचा एक्स-रे. तो उजेडात धरला की आत दिवा लागल्यासारखा दिसायचा. गोळ्यांच्या चमचमत्या पाकिटांची टाकी. पोपडे आलेली भिंत म्हणजे चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेले पातळ कागद, खळीने चिकटवलेले. खालच्या दुकानाचं छत ताईच्या लहानपणीच्या पिवळ्या फ्रॉकच्या गळ्याचं, झालरीसकट. आणि एक कावळा, जोडी हरवलेल्या काळ्या मोज्याचा.

ही इमारत टेबलापेक्षा मोठी होती. म्हणून ती तुकड्यातुकड्यांनी व्हायची आणि थराथरांनी गादीखाली जायची. आज दुसऱ्या मजल्याची एक गॅलरी, पुढच्या महिन्यात अर्धा जिना. मधे ताईची परीक्षा, मग काकांचं मनगट, मग ताईचं लग्न, मग बाळंतपण. पूर्ण इमारत कुणी कधीच पाहिली नाही. मावशीनेही नाही. ती फक्त तिच्या डोक्यात उभी होती.

यंदा लाँड्रीत ग्रंथपाल बाई आल्या, कोटाचं अस्तर बदलायला. मावशीच्या मशीनवर चेनच्या दात्यांचा एक पक्षी लटकलेला असतो. बाईंनी चष्मा कपाळावर नेला.

"हा कुणी केला हो?"

"तो? तो आपला असाच. चेन उरली होती."

"आणखी आहे असं काही?"

"आहे थोडं घरी. चिंध्या आहेत हो."

ग्रंथपाल बाईंचा आवाज वाचनालयात राहून राहून कायमचा बारीक झालेला आहे. ओरडल्या तरी कुजबुजल्यासारख्या वाटतात. त्या तसंच कुजबुजत ओरडल्या, "अहो, आमच्या वाचनकक्षातली एक भिंत नुसती पांढरी आहे. लोक पुस्तक उघडतात आणि भिंतीकडे बघत बसतात. महिनाभर तुमच्या चिंध्या लावा तिथे!"

त्या संध्याकाळी मावशी वर न जाता आधी आमच्याकडे आली. चप्पल घालूनच आत. "मला एक भिंत मिळाली," ती म्हणाली.

"विकत?" माझी आई म्हणाली.

मावशीला काही राग आला नाही. तिचे कान लाल झाले होते आणि ती उभ्या उभ्याच सांगत होती, की थर आता एकदाच पसरायचे, एका मोठ्या पांढऱ्या कापडावर इमारत उभी करायची, मागे जुन्या चादरींचा थर घालायचा आणि सगळ्यातून गोधडीसारखा धावदोरा मारायचा. त्याला सलग वेळ हवा. पसारा उचलावा लागणार नाही असं टेबल हवं. लाँड्रीच्या मालकांकडे ती रजा मागणार होती, आणि ती तिने मागितली, आणि मिळालीही.

रजा सुरू झाली त्याच दिवशी ताईचा फोन आला. बाळाला ताप, पाळणाघर बंद, ताईची रजा संपलेली. "आई, आठवडाभर येतेस?"

"येते," मावशी म्हणाली. बॅग भरताना काकांना इतकंच म्हणाली, "आल्यावर मला टेबल लागेल हो. सलग."

काका याच वर्षी रिटायर झाले आहेत. रिटायर झाल्यापासून त्यांनी घरातल्या मसाल्यांच्या डब्यांना क्रमांक दिले होते आणि चपला आकारमानाने लावल्या होत्या. आता त्यांना खरंखुरं काम मिळालं. आणि त्यांनी ते जीव ओतून केलं, यात कुणाला शंका नको.

आठवड्याने मावशी परत आली तेव्हा तिची बॅग वर न्यायला मी गेले होते. काका दारातच उभे.

"डोळे मीट."

"आता या वयात?"

"मीट तर!"

त्यांनी तिला पाहुण्यांच्या खोलीत नेलं. पलंग नव्हता. तो त्यांनी माळ्यावर चढवला होता. खिडकीशी एक लांबरुंद टेबल होतं, कारखान्याने मोडीत काढलेलं, पॉलिश करून आणलेलं. वर दिवा. खुर्चीला पाठीमागे उशी. आणि भिंतीला रॅक, रॅकवर पारदर्शक डबे, डब्यांवर काकांच्या छापील अक्षरात चिठ्ठ्या: निळे साधे. पट्टेरी. पिवळे. संकीर्ण.

मावशीने डोळे उघडले. आधी ती टेबलाकडे बघून हसली. मग डब्यांकडे बघितलं.

"गादीखाली काय गोंधळ होता अगं!" काका सांगत होते. "कुठे खिसा लोंबतोय, कुठे कॉलर, टाचण्या गंजलेल्या. बसणार कसं ते एकमेकांना? मी एकेक सोडवला. इस्त्री केली. पत्र्याचा साचा करून घेतला आणि सगळे एका मापात कापले. आता तू नुसतं उचलायचं आणि जोडायचं."

"एका मापात," मावशी म्हणाली.

"एक सूत इकडचं तिकडे नाही."

"आणि कागदाचं होतं ते?"

"ते काढून टाकलं. डाग पडलेले कागद काय, गोळ्यांची पाकिटं काय, माझा एक्स-रे काय! वाळवी लागते त्याने."

"आणि कापून उरलेलं?"

"कचऱ्याची गाडी येते ना. बटणं ठेवलीत, ती बघ बाटलीत. आणि चेनी भंगारवाल्याने नेल्या."

मावशीने 'निळे साधे' उघडला. वरचाच चौकोन हातात घेतला. त्याच्या एका कडेला कापड जास्त गडद होतं, जिथे वर्षानुवर्षं खिसा होता तिथे ऊन लागलं नव्हतं. तो गडद भाग अर्ध्यात कापला गेला होता. तिने चौकोन परत डब्यात ठेवला, कडा जुळवून, आणि झाकण लावलं.

"फार खपलात हो तुम्ही," ती म्हणाली.

"तुला वेळ मिळावा म्हणून."

काकांच्या सगळ्या वाक्यांची मी घरीदारी नक्कल करते. या एका वाक्याची नाही करत.

मावशीने त्यांना काही सांगितलं नाही. सांगितलं ते ताईने, आणि तेही नकळत. दोन दिवसांनी व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन काकांनी धरला होता आणि मावशी समोर बसली होती.

"आई, झाली का गं इमारत? माझ्या फ्रॉकचा गळा लावलास ना दुकानाला? बाळाला दाखवायचंय. आणि तो कावळा!"

"लावणार आहे. बाळ जेवतंय का नीट?"

"बाबा, मला पंखा दिसतोय," ताई म्हणाली. "बाबा? फोन सरळ धरा ना."

फोन संपल्यावर काका रॅकपाशी गेले. 'पिवळे' काढला. चौकोन टेबलावर पसरले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. एकावर जुन्या शिलाईची बारीक बाकदार रेघ होती. तिच्यावर त्यांनी अंगठा ठेवला.

"दुकान म्हणजे कुठलं?" त्यांनी विचारलं.

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. मावशी उठली आणि त्या मोठ्या मोकळ्या टेबलाशी उभी राहिली. "इथे," ती म्हणाली आणि बोट टेकवलं. "हे दुकान. इथून जिना, असा वळून. ही तुमची गॅलरी, शाईच्या डागाची. तिच्यावर खिडकी, तुमचं मनगट. इथे एक पाळणा होता, कफचा. टाकी वर, या टोकाला. कावळा टाकीवर नाही, तो पाइपवर. टाकीवर सगळेच बसवतात." बोट मजल्यामागून मजला चढत गेलं. काका बोटामागे बघत होते, एखाद्या माणसाला पत्ता नीट समजून घ्यायचा असावा तसे. शेवटी बोट थांबलं. टेबलावर नुसतं पॉलिश चमकत होतं.

"मला सांगायचंस ना गं," काका म्हणाले. वाक्याच्या शेवटी शिक्का नव्हता.

"काय सांगायचं?"

"की हे असं... काम आहे म्हणून."

"मी तरी कुठे काम म्हणाले कधी? चिंध्या म्हणाले. तुम्ही आपले माझ्या शब्दाला जागलात." ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "चिंध्या म्हटलं की कुणी काही बोलत नाही ना. उचल म्हणाले तर उचलायच्या, वाईट वाटून घ्यायचं नाही. सोपं पडतं. मला वाटलं, झाली पूर्ण की मग सांगू काय आहे ते."

काका खाली गेले. कचऱ्याचे डबे जिन्याखाली असतात. गाडी कधीच येऊन गेली आहे हे त्यांना माहीत होतं, आठवडाभर त्यांनीच गाडीवाल्याकडे पिशव्या दिल्या होत्या. तरी झाकणांचे आवाज बराच वेळ वर ऐकू येत होते. मग ते हात धुऊन आले, आणि अंगातल्या शर्टाचा खिसा उसवायला लागले. शर्ट अंगातच. ब्लेडने.

"अहो, काय करताय? लागेल!"

"हा घे. हा कापू नकोस. असाच घे."

मावशीने ब्लेड काढून घेतलं. अर्धा लोंबणारा खिसा तिने दोन टाक्यांत परत शर्टाला जोडून दिला, त्यांना उभंच ठेवून. "असं मागून घेऊन नाही होत हो ते," ती म्हणाली. "तो आपला आपण सुटून यावा लागतो."

भिंतीची तारीख जवळ आली होती. मावशीने आधी चौकोनांशी खेळून पाहिलं. तिरके ठेवले, एकावर एक चढवले, "तू कोण रे?" असंही एकाला विचारलं. पण सगळे सारखेच, उत्तर कोण देणार? "हे सगळे म्हणतात, मी चौकोन," ती मला म्हणाली आणि हसली, पण मला टेबलाखाली जावंसं वाटलं नाही.

मग तिने सरळ गोधडी शिवली. निळा, पट्टेरी, पिवळा, निळा. टेबल मोकळं करा असं आता कुणी म्हणत नव्हतं. काका स्वतः जेवणाची ताटं आत नेऊन ठेवत, सुया ओवून देत, आणि दारावर कुणी आलं तर पुटपुटत परत पाठवत. जे जे तिला इतकी वर्षं हवं होतं ते सगळं त्या खोलीत होतं: उजेड, जागा, सलग वेळ. धावदोरा असा सरळ पडत होता की बघतच राहावं.

वाचनालयात गोधडी लागली तेव्हा माणसं खरंच जमली. "काय सुबक!" "मशीनवर केलंय की काय?" "एक कोपरा चुकलेला दाखवा!" पँट आटणारे गृहस्थही आले होते. ते म्हणाले, "बाई, हात आहे की फूटपट्टी?" ग्रंथपाल बाई मावशीजवळ आल्या आणि खरोखरच कुजबुजल्या, "छान आहे हो. मला वाटलं होतं, त्या पक्ष्यासारखं काहीतरी असेल."

"तसं होतं आधी," मावशी म्हणाली.

कुणीतरी काकांना विचारलं, "तुमची काही मदत झाली की नाही वहिनींना?" दुसरी कुठली वेळ असती तर काकांनी साचा, पत्रा, इस्त्री, सगळं क्रमवार सांगितलं असतं. ते गोधडीकडे बघत म्हणाले, "यात दिसतंय ते सगळं माझंच काम आहे. तिचं यात काही नाही."

लोक खदखदून हसले. "बघा, सगळं श्रेय स्वतःला!" मावशीही त्यांच्याबरोबर हसली. काका एकटेच हसले नाहीत, आणि त्यामुळे लोक आणखी हसले.

महिनाभरात घरी माणसं यायला लागली. सगळ्यांना तश्शीच हवी होती. काका दारात आडवे उभे राहायचे, कारखान्याच्या गेटवरच्यासारखे. परवा मी वर होते तेव्हा एक बाई जुन्या कपड्यांची मोठी पिशवी घेऊन आल्या. "ती वाचनालयातली चौकोनी असते ना, अगदी तश्शी. सूनबाईंना द्यायचीय."

"नाही," काका म्हणाले. "तिला वेळ नाही. तिचं स्वतःचं काम चालू आहे."

आत मावशी टेबलाशी होती. लाँड्रीत कुणीतरी विसरून गेलेल्या मोडक्या छत्रीचं काळं कापड तिच्यापुढे पसरलं होतं, कडेला एक वाकडी काडी अजून लटकत होती. ती ते कापड हळूहळू गोल फिरवत होती. ओठ हलत होते. गोधडीनंतर पहिल्यांदाच काहीतरी तिच्याशी बोलत होतं. तिने मान वर केली.

"कोण आहे हो?"

"कुणी नाही," काका ओरडले. "तू बस."

"अहो, माणूस जिना चढून आलंय, असं काय करता?" मावशीने छत्रीचं कापड गुंडाळलं, काडीसकट, आणि खुर्चीखाली सरकवलं. मग हात पुसत बाहेर आली. "या हो, या. द्या इकडे ती पिशवी. मी काय, रिकामीच बसलेय."

काका दारात तसेच उभे राहिले. बाई पिशवी पुढे करून वाट बघत होत्या. मग काका बाजूला झाले.